आधीची बोट

कस्तुरीला खरं तर आम्हाला क्रोएशियाला न्यायचं होतं. तिच्या बँकेतल्या कुणीतरी तिला एक माहितीपत्रक दिलं होतं. दिवसभराची बोट, निळंशार पाणी, एकामागून एक बेटं, दुपारी बोटीवरच भाजलेले मासे. यांनी ते नीट वाचलं आणि म्हणाले, "सुंदर आहे. पण विमानात माझे कान फुटतात." म्हणून दोन हजार सहाच्या सप्टेंबरात आम्ही ओबानला गेलो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून तशीच एक बोट तिथली बेटं फिरवून आणते. "समुद्र तो समुद्र," हे म्हणाले. "तिकडे ऊन मिळतं, इकडे चहा."

हे म्हणजे माझे यजमान, मुरलीधर. आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, म्हणून लेकीने ही सहल ठरवली होती. यांचा डावा कान केव्हाच गेला होता. उजव्यात मशीन होतं. लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये कानात गुलाबी मेणासारखं काहीतरी भरून साचा घेतात आणि त्याबरहुकूम मशीनचं टोक घडवतात. एकाचं दुसऱ्याच्या कानात बसत नाही. लोकरी टोपी कानावर ओढली की ते मशीन बारीक शिट्टी मारायचं. मग मी म्हणायची, "बघा, कुकर झाला." हा आमच्या घरातला जुना विनोद.

मी त्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं रक्ताचे नमुने तपासले. दोन नळ्या कितीही सारख्या दिसल्या तरी त्या दोन माणसांच्या असतात, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. भुताखेतांच्या गोष्टी मला लहानपणीही रुचल्या नाहीत. आजही रुचत नाहीत. घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहिते.

प्रवासाला निघताना मी फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा घेतला होता, गूळपापडीच्या वड्या भरून. हा डबा माझ्या मामीने लग्नात दिला. त्यावर माझं नाव घातलेलं आहे, आणि नाव घालणाऱ्याचा हात सटकून 'य'च्या पायाशी एक लांब ओरखडा उमटलेला आहे. चौऱ्याहत्तर साली लीड्समधल्या हेडिंग्लीच्या घरात तो जिन्यावरून गडगडला, त्याचा पोचा बुडाशी आहे. डोळे मिटून हात फिरवला तरी मी तो ओळखेन.

"आई, तू काय काय पॅक केला?" कस्तुरीने धक्क्यावर विचारलं. "बोटवर लंच मिळतो."

"वड्या आहेत. तुझ्या बाबांना मासे चालत नाहीत."

"ती डबा तू अजून वापरते?"

"चाळिशी आली तुझी," हे म्हणाले, "आणि डबा अजून 'ती'च."

"बाबा, प्लीज. सुट्टीमध्ये ग्रामर नको."

बोट छोटी, पांढरी. लाल रेग्झिनची बाकं, डिझेलचा आणि ओल्या दोरांचा वास. चालवणारा लाल दाढीचा आडवा माणूस होता. समुद्र इतका शांत की काच पसरल्यासारखा. आमच्याबरोबर जेमतेम बाकं भरतील इतकी माणसं होती, बहुतेक आमच्याच वयाची. ज्या बेटांवर गेलो त्यांची नावं मी मुद्दामच लिहीत नाही. तिथली माणसं चांगली आहेत. त्यांना त्रास नको.

पहिल्या बेटावर दगडी धक्का, चार घरं आणि एक दुकान. दुकानात पोस्टाचं काउंटर, लोकर, साबण, आणि खिडकीजवळ दोन टेबलं. तिथे चहा आणि सूप मिळायचं. आम्ही चहा घेतला तो बाहेर, उभ्याउभ्या, कागदी पेल्यांतून. पेले टाकायला मी एकटी आत गेले. काउंटरमागच्या पांढऱ्या केसांच्या बाईने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं परत आलात," ती इंग्रजीत म्हणाली. "मी धुऊन ठेवलाय."

तिने खालून एका चौकटीच्या फडक्यात गुंडाळलेला डबा काढून माझ्या हातात दिला. माझा डबा. मी थँक यू म्हणून तो घेतलासुद्धा, कारण आपली वस्तू आपल्याला कुणी दिली तर आपण घेतो. दाराबाहेर आल्यावर मला खांद्यावरची पिशवी जड लागली.

पिशवीत माझा डबा होता, वड्यांनी भरलेला.

मी दोन्ही डबे बाहेरच्या बाकावर शेजारी ठेवले. तेच नाव. 'य'च्या पायाशी तोच ओरखडा. बुडाला तोच पोचा. रिकाम्या डब्याचं झाकण उघडलं तर साबणाच्या वासाखालून गुळाचा आणि तुपाचा वास आला.

"कुणीतरी आपलंच माणूस येऊन गेलेलं दिसतंय," हे म्हणाले. "लंडनच्या मंडळातलं."

"यमुना नावाचं? आणि हा पोचा?"

"आई, तुझ्याकडे फुल कपाट आहे डब्यांचं," कस्तुरी म्हणाली. "दोन सेम असतील. तूच दोन आणले असतील."

मी परत आत गेले. कोण विसरलं, कधी, असं विचारलं. बाई जरा गोंधळली. "तुम्हीच. मघाशी, आधीच्या बोटीने आलात तेव्हा. तुम्ही आणि तुमचे मिस्टर. त्या खिडकीशी बसला होतात. त्यांनी सूप घेतलं, वाटी पुसून खाल्लं."

धक्क्यावर येऊन मी दाढीवाल्याला आधीच्या बोटीबद्दल विचारलं. तो हसला. "आधीची बोट कुठली? मंगळवारी बाहेर पडणारा वेडा मी एकटाच."

आता मी जे केलं ते माझ्या जागी दुसऱ्या कुणी केलं नसतं. डबा माझा नव्हता, म्हणजे तो ठेवून यायला हवा होता. तेवढं करून बोटीत बसले असते तर कदाचित काहीच झालं नसतं. पण रिकामा डबा परत करायचा नाही, ही आमच्या घरची रीत. शेजारून वाटी आली तर आई ती परत देताना तिच्यात निदान चिमूटभर साखर घालायची. हेडिंग्लीला आमच्या शेजारच्या डोरीनलाही मी हे शिकवलं होतं. ती माझ्या डब्यातून बागेतल्या रूबार्बच्या आंबट देठांचे तुकडे पाठवायची. हात आपोआप चालले. मी माझ्या डब्यातल्या दोन वड्या त्या डब्यात घातल्या, झाकण फिरवलं आणि तो काउंटरवर ठेवला.

"त्या बाई परत आल्या तर त्यांना द्या," मी म्हणाले. "रिकामा नाहीये म्हणावं."

बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली आणि डबा हळूच आपल्या बाजूला ओढून घेतला.

बोटीत मी पिशवी घट्ट धरून बसले होते. हे म्हणाले, "एवढं काय त्यात? ती बाई म्हातारी. तिला सगळे इंडियन सारखेच दिसत असणार."

"डबेही सारखे दिसतात?"

यांनी मान समुद्राकडे वळवली. ऐकू आलं नाही असं दाखवायची यांना सोय होती.

दुसरं बेट उघडं होतं. झाड नाही, नुसतं गवत, मेंढ्या, आणि चढावर छप्पर उडालेलं जुनं चर्च. वारा सुटला होता. चर्चच्या फाटकापाशी पिवळ्या जाकिटातला एक म्हातारा उभा होता, पाहुण्यांना माहिती सांगणारा. आम्हाला पाहून त्याने सुटकेचा श्वास सोडला.

"सापडले का शेवटी," तो मला म्हणाला. "किती घाबरला होतात तुम्ही. पण काय करणार, बोट थांबेना."

"काय म्हणतोय?" यांनी विचारलं.

"काही नाही. वारा फार आहे म्हणतोय."

मी यांच्या कोटाची बाही धरली.

"पंचेचाळीस वर्षांत चारचौघांत हात धरला नाहीस," हे म्हणाले. "आज काय झालं?"

"पाय घसरतोय."

"माझा की तुझा?"

मी हसले नाही. आजूबाजूला बघत होते. कोण आमच्याकडे पाहतंय, कोण पाहायचं टाळतंय. कस्तुरी हा बनाव करत असेल का, लग्नाच्या वाढदिवसाचं काहीतरी सरप्राइज म्हणून, हेही मनात येऊन गेलं. मी तिला तसं विचारलंसुद्धा. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी माझ्या आईकडे तिच्या शेवटच्या वर्षांत पाहत असे.

"आई, तू ओके आहे ना? टॅब्लेट घेतला सकाळी?"

चर्चच्या मागच्या भिंतीवर कोरलेली जहाजं आहेत, असं पाटीवर लिहिलं होतं. यांना ती पाहायची होती. भिंतीला वळसा घालणारी पायवाट एका माणसापुरती, खाली निसरडा उतार, आणि माझा गुडघा तसला. "आलोच," हे म्हणाले. त्याच वेळी कस्तुरीने हाक मारली, "आई, इकडे बघ, फोटो!" मी वळले. माझ्या हातातून बाही सुटली. यांनी टोपी कानावर ओढली असावी, कारण मशीनची शिट्टी ऐकू आली. ती भिंतीच्या कडेकडेने लांब गेली, कोपऱ्यावर वळली, आणि मध्येच तुटली.

मी भिंतीच्या त्या टोकाकडे बघत उभी राहिले.

मुरलीधर दुसऱ्या टोकाने आले. टोपी हातात होती. विजारीला गुडघ्यापर्यंत गवताचं बी चिकटलं होतं, जसं बराच वेळ बसून राहिलेल्या माणसाला चिकटतं. उजवा कान रिकामा होता.

"मशीन कुठाय?" मी पुटपुटले. स्वतःशीच म्हणाले खरं तर. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे नव्हता, त्यांच्याकडून माझ्याकडे होता.

"पडलं असेल कुठेतरी," ते लांबूनच म्हणाले. जवळ आले, माझा हात धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. "किती वेळ लावलास, यमुना. मला वाटलं, तू गेलीस. बोट जाताना पाहिली मी."

"बाबा, बोट तर तिथेच आहे," कस्तुरी म्हणाली.

त्यांनी खाली धक्क्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहत राहिले. "हो का," म्हणाले.

मी त्यांना कस्तुरीबरोबर खाली पाठवलं आणि मशीन शोधायला भिंतीमागे गेले. गुडघ्याची पर्वा न करता गेले. भिंतीवर खरंच जहाजं कोरलेली होती. खाली गवत, मेंढ्यांच्या लेंड्या, समुद्र. पाऊलखुणा भिंतीच्या मधोमधपर्यंत येत होत्या. तिथून पुढे गवत उभं होतं.

बोटीचा भोंगा वाजला.

"अहो!" मी हाक मारली. "अहो, कुठे आहात?"

माझी हाक ऐकून माझी मीच थबकले. यजमान खाली धक्क्यावर लेकीच्या शेजारी उभे होते. इथून दिसत होते. मग मी कुणाला हाका मारत होते?

तरीही मी आणखी एकदा मारली. आणखी एकदा.

पिवळ्या जाकिटवाला कोपऱ्याशी आला. त्याने माझा दंड धरला. "चला, बाई. बोट थांबायची नाही." मग माझा चेहरा पाहून तो बिचकला आणि दंड सोडून एक पाऊल मागे सरला. मघाशी पाहिलेलं काहीतरी पुन्हा पाहावं, तसा.

तिसऱ्या बेटावर उतरायचं नव्हतं. नुसते खडक आणि त्यांवर पसरलेले सील. दाढीवाल्याने इंजिन बंद केलं. मुरलीधर माझ्या शेजारी बसून वड्या खात होते. "ऐकतेस?" ते म्हणाले. "त्यांचे श्वास ऐकू येतायत." खडक इतके लांब होते की मला सील धड दिसतही नव्हते.

"ओ माय गॉड, बाबा!" कस्तुरी खूश झाली. "तुमचा कान ओपन झाला! आई, बघ ना."

मी बघतच होते. मशीनशिवाय यांना दाराची घंटा ऐकू येत नसे. मी त्यांच्या कपाळावरचा तीळ पाहिला, अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग पाहिला, लग्नातली अंगठी पाहिली. सगळं जिथल्या तिथे होतं. डब्याचंही असंच होतं.

परतीच्या वाटेवर बोट पहिल्या बेटाला पुन्हा लागली. तिथे राहिलेल्या दोघांना घ्यायचं होतं. दुकानातली बाई स्वतः धक्क्यावर आली. हातात चौकटीचं फडकं. तिने ते माझ्याकडे दिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"त्या आल्या होत्या," ती म्हणाली. "वड्या घेऊन गेल्या. हा तुम्हाला द्यायला सांगितलाय. म्हणाल्या, रिकामा परत करायचा नसतो."

"कोणाबरोबर होत्या?"

"एकट्याच."

"दिसायला कशा होत्या?"

 बाई पाठ फिरवून भराभर चढ चढून गेली.

बोट निघाली. डबा मांडीवर होता. मला आधी वाटलं इंजिनचा आवाज आहे. मग वाटलं माझ्याच कानात गुणगुण होतेय.

डब्यातून शिट्टी येत होती.

बारीक, अखंड.

मी झाकण फिरवलं. आत यांचं मशीन होतं. बाकी काही नाही.

मी ते मुरलीधरांच्या समोर धरलं. ते शांतपणे हसले आणि उजवा कान माझ्याकडे केला, इंजेक्शन घ्यायला आलेलं शहाणं मूल दंड पुढे करतं तसा. रोज सकाळी हे मीच बसवत असे. माझ्या बोटांना तो कान पाठ होता.

साचा बसला नाही.

फिरवून पाहिला. दाबून पाहिला.

बसला नाही.

"बोट मागे घ्या," मी म्हणाले.

"आई?"

"माणूस राहिलाय मागे. त्या चर्चपाशी. बोट मागे घ्या!"

दाढीवाल्याने वळून बाकांवरून नजर फिरवली. "सगळे आहेत, मॅम."

"आई, कोण राहिला?" कस्तुरीने माझे दोन्ही हात धरले. ती रडत होती. "बाबा इथे आहे. बघ ना, बाबा इथेच आहे."

 मुरलीधर मागे, दुसऱ्या बेटाच्या दिशेला बघत होते.

त्यानंतर कस्तुरीने मला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तारीख, पंतप्रधान, उलटे आकडे, सगळं विचारलं. मी एकही चुकले नाही. हॉस्पिटलमधली मुलगी म्हणाली, वयोमानाने कानाचा आकार बदलतो. एका दुपारीत? असं मी तिला विचारलं नाही. पुन्हा असलं काही बोलले तर कस्तुरी आम्हा दोघांना एकट्याने कुठे जाऊ देणार नाही, हे मला कळून चुकलं होतं. आणि मला तर परत जायचं आहे.

याला आता दोन वर्षं होत आली. मुरलीधर माझ्याशी चांगले वागतात. मुलीच्या बारशाला कोण आलं होतं, माझ्या आईचं शेवटचं पत्र कुठल्या दिवशी आलं, सगळं त्यांना आठवतं. कधी कधी जेवताना ते माझ्याकडे टक लावून बघत राहतात. तेही माझ्यासारखंच काहीतरी तपासून पाहतायत असं वाटतं. यांचं मशीन त्या डब्यात आहे. मी त्याची बॅटरी वेळच्या वेळी बदलते.

मी डबा परत पाठवणाऱ्या त्या बाईचा विचार करते. ती रीत विसरली नाही. विसरणारच नाही. डबा आता माझ्याकडे आहे, म्हणजे पाळी माझी आहे. तिला काय परत हवंय ते मला ठाऊक आहे, आणि मला काय हवंय ते तिला. फक्त दोघी एका दिवशी तिथे असायला हव्यात. मी कुठला दिवस निवडेन? आमच्या लग्नाचा. मग तीही तोच निवडेल.

काल मी दिवाणखान्याचं दार लावून घेतलं आणि ओबानला फोन केला. मुरलीधर बागेच्या पार टोकाला, रूबार्बच्या वाफ्यात, पाठमोरे बसले होते. मी तोंडावर हात धरून, अगदी हळू बोलले. दोन तिकिटं घेतली. फोन ठेवून वर पाहिलं तर ते तिथेच होते. त्यांनी वळूनही पाहिलं नव्हतं. हातातलं खुरपं तेवढं थांबलं होतं.

संध्याकाळी ते हात धुऊन आत आले, टॉवेलला बोटं पुसत ओट्यापाशी उभे राहिले.

"डबा आठवणीने घे," म्हणाले. "आणि या वेळी त्या दुकानात खिडकीशी बसू. त्या बाईचं सूप चांगलं असतं."